‘कुठले पाटील?’ : वर्गातल्या ओळखीबद्दल तुमचे प्रश्न

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या आणि मागोमाग शिक्षकांची पत्रं यायला लागली, यंदा बऱ्याच जणांचा विषय एकच निघाला म्हणून हे अख्खं सदर त्यालाच दिलंय. वर्गात दहा घरची पोरं येतात, त्यांना स्वतःबद्दल बोलतं कसं करायचं आणि एकमेकांना नावं ठेवणं कसं थांबवायचं, हा विषय. आपल्या कोल्हापुरात नवीन माणूस भेटला की आधी गाव विचारतात, मग आडनाव, आणि आडनाव पाटील निघालं की ‘कुठले पाटील?’, कारण पाटील मराठ्यांत आहेत, जैनांत आहेत, लिंगायतांत आहेत, शोधले तर मुसलमानांतही सापडतील. हा तिसरा प्रश्न कशासाठी असतो ते सहावीतल्या पोरालाही बरोबर कळतं, तेव्हा ‘आमच्या वर्गात असलं काही नाही हो’ असं कुणी म्हणालं तर मी मान हलवते आणि पुढचं पत्र उघडते.

प्रश्न : नमस्कार ताई, मी करवीर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीला शिकवते. ‘माझी ओळख’ हा उपक्रम घेतला, चार्टपेपर दिले, स्केचपेन दिले. सगळ्यांनी नाव, आवडता रंग, आवडता खेळ आणि मोठेपणी पोलीस नाहीतर आर्मी, एवढंच लिहिलं. एका मुलीनं कोरा कागद परत दिला. माझं काय चुकतंय?

तुमचं फार काही चुकत नाहीये, पोरं हुशार आहेत. भिंतीवर लागणार म्हटल्यावर पोरं तेच लिहिणार जे लागलं तरी चालतं, आणि कोरा कागद देणारी तर सगळ्यात विचार करून वागलीय. तिला जे लिहायचं होतं ते चाळीस जणांनी वाचावं असं तिला वाटलं नसणार.

म्हणून पहिला नियम हा की कोणी किती सांगायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं, बाईंनी नाही. एकदा हे पाळलं की साधे साधे उपक्रमही चालतात आणि हे नाही पाळलं तर ट्रेनिंगमधून आणलेला भारीतला भारी उपक्रमही फसतो.

मी वर्गावर होते तेव्हा दुमडलेला कागद घ्यायचे. वहीचा एक कागद, मधोमध घडी. बाहेरच्या बाजूला ‘लोकांना माझ्याबद्दल काय माहीत आहे’ आणि आत ‘जे कुणाला माहीत नाही पण खरं आहे’. आतलं पान बाईंनी उघडायचं नाही, शेजाऱ्यानं उघडायचं नाही, तास संपला की ज्याचा कागद त्याच्या दप्तरात. सुरुवातीला पोरांचा विश्वास बसत नाही, कागदावर हात आडवा धरून लिहितात, डोळे तुमच्याकडं. तुम्ही सरळ खिडकीशी जाऊन उभं राहायचं, फिरायचं नाही. मग पुढच्या तासाला फक्त एक वाक्य पुरं करायला द्यायचं, तेही ज्याला वाटेल त्यानंच मोठ्यानं वाचायचं : ‘लोकांना वाटतं मी... पण खरं म्हणजे मी...’ एका तालमीत जाणाऱ्या पोरानं वाचलं होतं, लोकांना वाटतं मी पैलवानाचा पोरगा म्हणजे मारामारी करणार पण खरं म्हणजे मला कबुतरं पाळायला आवडतात आणि मेलेलं कबुतर बघितलं की मी जेवत नाही. वर्ग हसला नाही. नंतर मधल्या सुट्टीत दोघंतिघं त्याच्या मागं, कबुतरं दाखव की. एका मुलीचं होतं, लोकांना वाटतं मला इंग्रजी येत नाही म्हणून मी गप्प आहे पण खरं म्हणजे मला सगळं कळतं, मला फक्त मोठ्यानं बोलायला आवडत नाही. हे ऐकून मला तिच्या प्रगतिपुस्तकातला माझाच शेरा आठवला, असो.

दुसरा सोपा उपक्रम म्हणजे चार कोपरे. वर्गाचे चार कोपरे ठरवायचे, प्रश्न विचारायचा, पोरांनी आपापल्या कोपऱ्यात जायचं. घरात थोरला, मधला, धाकटा, एकुलता. मग घरी सकाळी पहिलं कोण उठतं. मग भीती कशाची वाटते, कुत्रा, अंधार, गणिताचा पेपर, की दुसरंच काही. प्रत्येक वेळी घोळका बदलतो, ज्याच्याशी कधी बोलत नाही त्याच्याशेजारी उभं राहावं लागतं, आणि त्या दोन मिनिटांत त्यांनी एकमेकांना एक गोष्ट सांगायची. इथं प्रश्न निवडताना डोकं लावायचं. गाडी कोणती, सुट्टीत कुठं गेलात, घर स्वतःचं की भाड्याचं, असले प्रश्न घेतले तर कोपरे म्हणजे श्रीमंत-गरीब रांगा होतात. आणि जाता जाता, ‘माझे बाबा’ हा निबंध एकदाचा बंद करा, ज्याचे बाबा नाहीत किंवा असून नसल्यासारखे आहेत त्या पोरानं काय लिहायचं? ‘माझ्या घरची माणसं’ म्हटलं की आजी चालते, मामा चालतो, म्हैस पण चालते.

नावाची गोष्टही छान जमते, तुझं नाव कुणी ठेवलं आणि का. इथं दख्खनच्या राजाच्या नावानं ज्योतिराम सापडतो, आत्यानं ठेवलेली आयेशा सापडते, एखाद्याचं नाव दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सुचवलेलं असतं. पण घरी विचारायला कुणी नसेल तर ‘मला माझं नाव आवडतं का आणि दुसरं ठेवायचं तर कुठलं’ असा पर्याय आधीच देऊन ठेवायचा, सगळ्यांना, त्या एकालाच नाही.

प्रश्न : आमच्या शाळेत दिवाळीनंतर ऊसतोड कामगारांची मुलं येतात, बहुतेक बीडकडची. बाकीची पोरं त्यांच्या बोलण्याची नक्कल करतात, शेजारी बसवून घेत नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये ती परत जातात, त्यामुळं शिक्षकही म्हणतात की कशाला एवढं. काय करता येईल? – शिरोळ तालुका

आधी कागदाचं सांगते, कारण काही ठिकाणी मुळात नावच घालून घेत नाहीत. मागच्या शाळेचा दाखला नाही किंवा यायला उशीर होतोय म्हणून प्रवेश अडवता येत नाही, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात हे स्पष्ट आहे, आणि वयाप्रमाणं जो वर्ग येतो त्याच वर्गात बसवायचं. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्डची सोय आहे, त्याची केंद्रप्रमुखांकडं चौकशी करा.

आता वर्गातलं. ‘नवीन मुलांशी चांगलं वागा रे’ असं भाषण दिलं की ती मुलं आणखीच बिचारी ठरतात. त्यापेक्षा त्यांच्याकडं जे आहे ते वर्गाला लागेल असं काहीतरी करा. सगळ्यात सोपं म्हणजे खेळ. लगोरी, सूरपाट्या, विटीदांडू हे सगळीकडं आहेत पण नियम गावोगावी वेगळे, कुठं किती गुण, कुठं कोण बाद, भांडणं तिथंच होतात. शनिवारी ग्राउंडवर एकेका पोरानं आपल्या गावचे नियम शिकवायचे आणि त्या दिवशी पंच तोच. बीडचं पोरगं पंच झालं की इथल्यांना त्याचं बोलणं नीट कान देऊन ऐकावंच लागतं, नाहीतर आपण बाद झालो की नाही हेच कळत नाही! दोन शनिवारांत नक्कल पूर्ण थांबेल असं मी म्हणणार नाही, पण शेजारी बसायला लागतात.

अभ्यासातही हेच करता येतं. अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात 1971 मध्ये गोरी, काळी आणि मेक्सिकन घरांतली मुलं नुकतीच एका वर्गात आणली होती आणि रोज मारामाऱ्या होत होत्या, तेव्हा एलियट अ‍ॅरन्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी एक पद्धत बसवली. धड्याचे पाचसहा तुकडे करायचे, पाचसहा जणांचे गट, गटात प्रत्येकाला एकच तुकडा. ज्यांना सारखा तुकडा आलाय ते आधी एकत्र बसून तो पक्का करतात आणि मग आपापल्या गटात येऊन शिकवतात. चाचणी सगळ्या धड्यावर, त्यामुळं शेजारच्याचं ऐकलं नाही तर आपलेच मार्क जातात. जिगसॉ म्हणतात त्याला, ट्रेनिंगमध्ये तुम्ही ऐकलं असेल, पण तिथं ते नुसतं ‘गटकार्य’ म्हणून उरकतात आणि हा मारामारीचा भाग कुणी सांगत नाही. एक मात्र सांभाळा, ज्याला वाचायला अडखळतं त्याला तुकडा देऊन वाऱ्यावर सोडायचं नाही, आधीच्या गटात तो दोनतीनदा बोलून झाला पाहिजे.

धडा कुठला घ्यायचा तर माझी सूचना वळिवडे. आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट आणि आपल्याच पोरांना माहीत नसते. दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या लोकांना सोव्हिएत फौजांनी घरातून उचलून सैबेरियाकडं नेलं, तिथनं सुटलेली माणसं इराणमार्गे हिंदुस्थानात आली, आणि 1943 ते 1948 या काळात साधारण पाच हजार पोलिश माणसं कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिली. बायका आणि पोरंच जास्त. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं व्हायची. ती गेल्यावर त्याच जागेत फाळणीत सिंधमधून आलेली कुटुंबं आली आणि तेच आजचं गांधीनगर, जिथं निम्मा जिल्हा लग्नाचा बस्ता बांधायला जातो. पाच तुकडे आयते पडतात : घर सुटलं ते, वाटेतला प्रवास, छावणीतलं जगणं, सिंधी कुटुंबांचं येणं, आणि आजचं गांधीनगर. कोल्हापुरात महावीर उद्यानात पोलिश लोकांचं स्मारक आहे, सहल तिकडं काढा, रंकाळ्यावर भेळ नंतर खा. आणि परत आल्यावर एवढंच विचारा की दुसऱ्या गावात वर्षातले पाचसहा महिने राहावं लागलं तर तुम्ही सोबत काय न्याल. बीडच्या पोरांना ह्याचं उत्तर तोंडपाठ असतं. ती बोलली तर उत्तम, नाही बोलली तर त्यांच्याकडं बघायचं नाही.

प्रश्न : 26 जानेवारीला आम्ही ‘विविधतेत एकता’ बसवतो, पंजाबी, बंगाली, दाक्षिणात्य, काश्मिरी असे ड्रेस भाड्यानं आणून. हे पुरेसं नाही का? – एक मुख्याध्यापक

सर, कार्यक्रम छान दिसतो, पालक मोबाईलवर शूटिंग करतात, चालू द्या. पण भाड्याची पगडी घातलेल्या पोराला शेजारच्या बाकावरच्या पोराबद्दल काहीच नवीन कळत नाही, आणि तुमच्या शाळेत खरोखर परप्रांतातून आलेलं एखादं मूल असेल तर त्याला नेमकं त्याच्याच प्रांताचं सोंग देऊ नका म्हणजे झालं.

त्यापेक्षा दसरा चौकात एक फेरी काढा. मधे शाहू महाराजांचा पुतळा आणि आजूबाजूला बोर्डिंगं. महाराजांनी 1901 मध्ये मराठा बोर्डिंग सुरू केलं, पुढं जैन, मुस्लिम, लिंगायत, आणि अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी 1908 मध्ये मिस क्लार्क. आठवी-नववीच्या पोरांना एकच प्रश्न द्या : जो राजा जात मोडायला निघाला होता त्यानं जातीजातीची वेगळी वसतिगृहं का काढली असतील? आणि त्याच राजानं 1919 मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एका शाळेत बसवायचा हुकूम का काढला? पोरं दोन्ही बाजूंनी भांडतील, भांडू द्या. अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात महाराज स्वतः जाऊन चहा प्यायचे, ही गोष्ट आपल्याकडं भाषणात सगळे सांगतात, पण वर्गात ती सांगून ‘आज आपल्या गल्लीत कोण कुणाच्या घरी चहा पीत नाही’ असं विचारलं की शांतता पसरते. हा प्रश्न हात वर करून विचारायचा नाही हं, चिठ्ठीवर, नाव न घालता.

प्रश्न : एका व्हिडिओत बघितलं, पोरांना एका ओळीत उभं करायचं, ‘ज्यांच्या घरी स्वतःची गाडी आहे ते एक पाऊल पुढं’, ‘ज्यांना कधी जातीवरून बोललं गेलं ते एक पाऊल मागं’, शेवटी कोण कुठं आहे ते दिसतं. खूप इफेक्टिव्ह वाटलं. नववीला घेऊ का?

नको. इफेक्ट होतो, पण पुढं उभ्या असलेल्यांवर, आणि त्याची किंमत मागं उरलेली पोरं देतात. सगळ्या वर्गासमोर, युनिफॉर्ममध्ये, सगळ्यात मागं उभं राहायचं, आणि दुसऱ्या दिवशी परत त्याच बाकावर बसायचं. जे मागं असतात त्यांना आपण मागं आहोत हे आधीच माहीत असतं हो.

ह्याच जातीचा एक जुना प्रयोग फार गाजला. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, एप्रिल 1968 मध्ये, आयोवातल्या राइसव्हिल गावात जेन इलियट नावाच्या बाईंनी तिसरीच्या पोरांना डोळ्यांच्या रंगावरून उच्च-नीच ठरवून वागवलं आणि मग ते उलट केलं. पोरं खरंच तशी वागायला लागली, वरच्या गटातली मुजोर झाली, खालच्यांचा अभ्यास बिघडला. त्यातून भेदभाव किती पटकन शिकता येतो हे जगाला कळलं, पण लहान पोरांना असं दुखवावं का ह्यावर आजही वाद आहे. त्या वर्गातली पोरं गोरीच होती, हे विसरू नका. आपल्या वर्गात ज्यांना खरोखरचे चटके बसलेत तीच पोरं समोर असतात, त्यांच्यावर परत तोच प्रयोग कशाला?

तुम्हाला पावलांचाच खेळ घ्यायचा असेल तर काल्पनिक माणसांची कार्डं करा. हुपरीत चांदीचं काम करणाऱ्या कारागिराची मुलगी, इचलकरंजीत लूमवर काम करायला बिहारहून आलेल्याचा मुलगा, शाहूपुरीतल्या डॉक्टरांचा मुलगा, व्हीलचेअरवरची कॉलेजची मुलगी, मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगराचं पोर. प्रत्येकानं चिठ्ठी उचलायची, स्वतःची नाही तर त्या माणसाची पावलं टाकायची. शेवटी जिथं असेल तिथं थांबून त्या माणसाच्या वतीनं एक वाक्य बोलायचं. मग चिठ्ठ्या गोळा करून सगळ्यांनी जागेवर उड्या मारायच्या, हे मी गमतीनं सांगत नाहीये, ते सोंग अंगावरून उतरावं लागतं.

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे. हळू बोलतो, चित्रं काढतो, मुलींबरोबर डबा खातो म्हणून पोरं त्याला ‘बायल्या’ म्हणतात. सर म्हणाले, त्याला कबड्डीत घाला, आपोआप सुधारेल. – एक आई, राजारामपुरी

त्याला कबड्डी आवडत असेल तर घाला, सुधारण्यासाठी नको, कारण त्याच्यात काही बिघडलेलंच नाही. सरांना भेटून शांतपणे एवढंच सांगा की मला उपक्रम नको, फक्त तो शब्द वर्गात ऐकू आला की त्याच क्षणी थांबवा, ‘इथं असं चालत नाही’ एवढं एक वाक्य, माझ्या मुलाकडं न बघता. आणि वर्गात कामांची यादी करता येते, घरी भाकरी कोण करतं, गाडी कोण पुसतं, रडू कधी आलं, ते पोरंपोरी दोघांनी लिहायचं. कोल्हापुरात मटणाचा रस्सा पुरुष किती हौसेनं करतात ते सगळ्यांना माहीत आहे, तिथनं सुरुवात केली की निम्मा वर्ग आपल्या बाजूला येतो.

प्रश्न : डब्याचं काय करायचं? काही पोरं अंडं-मटण आणतात, जैन आणि लिंगायत घरची पोरं तोंड फिरवतात. सहभोजन घेऊ का?

सहभोजन एकदम नको. खाण्याबद्दल पोरं घरून फार पक्की होऊन येतात. आधी नियम दोनच : दुसऱ्याच्या डब्याला नाक मुरडायचं नाही, आणि कुणाला खायचा आग्रह करायचा नाही. दोन्ही नियम दोन्हीकडच्या पोरांना सारखेच. मग सगळ्यांना चालेल असा एकच पदार्थ घ्यायचा, भडंग म्हणा, आणि तुमच्या घरी कसं करतात ते सांगायला लावायचं, कोण लसूण घालतं, कोण अजिबात नाही. तेवढं पुरतं.

प्रश्न : शिष्यवृत्तीचे फॉर्म आले की आमच्या शाळेत शिपाई वर्गात येऊन ‘एससीची पोरं उभी राहा, ओबीसी ऑफिसात या’ असं ओरडतो. मी नवीन शिक्षक आहे. हे उपक्रमात बसत नाही, तरी विचारतोय.

बसतं. तुम्ही जूनपासून कितीही कागद दुमडून घेतले तरी ती एक हाक सगळं उघडं करून जाते. आणि पोरं काय शिकतात तर हा आपल्यातला, तो फुकटवाला, आणि हेच पुढं शिवी म्हणून येतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 मध्ये मारण्याबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे, पण लगेच कायदा काढू नका, नवीन आहात, मुख्याध्यापक दुखावतील आणि शिपायावर ढकलतील. त्यांना सोय करून द्या. जातीची नोंद जनरल रजिस्टरला असतेच, वर्गात येऊन विचारायची गरजच नाही. कार्यालयातून यादी वर्गशिक्षकाकडं यावी, वर्गशिक्षकानं फॉर्म बंद पाकिटात घालून घरी पाठवावा, आणि त्याच दिवशी बाकीच्यांनाही काहीतरी पाकिटातूनच जावं, सहलीचं संमतीपत्र, पालकसभेची नोटीस, काहीही. मग पाकीट कुणाचं कशाचं ते कळत नाही. पालकांना अडचण असेल तर शाळा सुटल्यावर भेटायची वेळ पाकिटातच लिहून द्या. यंदा तुमच्या एका वर्गापुरतं तरी असं करायची परवानगी मागा, लेखी नको, चहा पिताना मागा. फॉर्म वेळेवर भरून आले तर पुढच्या वर्षी क्लार्क स्वतःच म्हणतील पाकिटं आणा म्हणून, कारण त्यांचंही त्यात निम्मं काम वाचतं.